तीन वर्षांचे खत: सोलापूरचा शेतकरी आणि मुदतीचा कायदा

एकोणिसाव्या शतकात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतला शेतकरी कर्जात का बुडाला, असे विचारले की दुष्काळ, सारा आणि सावकार ही नावे ओघाने येतात. मुदतीच्या कायद्याचे नाव मात्र क्वचितच कुणी घेते. दावा किती वर्षांच्या आत लावायचा, एवढेच सांगणारा हा नियम. ऋणकोचे भले व्हावे म्हणून तो आणला गेला आणि त्यानेच ऋणकोचे घर धुऊन नेले. शेवटी सरकारला या चार जिल्ह्यांपुरता तो बदलावा लागला. न्यायालयाने कुणाला किती वेळ द्यावा, मुदत केव्हा वाढवावी, केव्हा वाढवू नये, हा वाद आजही रोज कोर्टात उभा राहतो. त्याचा एक मोठा धडा सोलापूरच्या मातीत गिरवला गेला. तो नीट वाचायला हवा.

बारा वर्षांवरून तीन वर्षांवर

मे 1818 मध्ये सोलापूरच्या किल्ल्यापाशी जनरल मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या उरल्यासुरल्या सैन्याचा मोड केला आणि हा मुलूख कंपनीच्या अमलाखाली आला. त्याआधी देण्याघेण्याचे तंटे गावच्या पंचायतीसमोर जात. कर्ज किती वर्षांनी बुडाले म्हणायचे, याची ठरीव मर्यादा नव्हती. मात्र दामदुप्पट होते. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, हा धर्मशास्त्राने घातलेला आणि लोकांच्या अंगवळणी पडलेला नियम होता. शिवाय सावकाराच्या मदतीला सरकारचा शिपाई सहजासहजी येत नसे. त्यामुळे शेतकरी अगदी नागवला गेला तर आपलेही पैसे बुडतील, हे सावकार ओळखून असे.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत 1827 साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र बांधले गेले. त्यात पाचव्या रेग्युलेशनने दाव्याची मुदत घातली. कर्जाला लेखी आधार असेल तर 12 वर्षे, नसेल तर 6 वर्षे. एवढ्या काळात एखादे वर्ष पिकाचे गेले, दोन वर्षे कोरडी गेली, तरी हिशेब सावरायला जागा होती. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात ही जागा फार मोलाची. इथल्या काळ्या रानाची सारी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर असते. हस्ताचा पाऊस हुकला की वर्ष हुकले.

1859 साली दोन मोठे कायदे झाले. एक दिवाणी कामकाज कसे चालावे याचा आणि दुसरा मुदतीचा. मुदतीच्या कायद्याने उसन्या पैशाच्या दाव्याला 3 वर्षे दिली आणि नोंदलेल्या दस्ताला 6 वर्षे. हा कायदा लगेच लागू झाला नाही. जुन्या मुदतीवर विसंबून राहिलेल्या लोकांना दावे लावता यावेत म्हणून 1861 अखेरपर्यंत सवड दिली गेली आणि 1 जानेवारी 1862 पासून नवी मुदत पूर्णपणे चालू झाली.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जुना दावा उकरून काढला की साक्षीदार मेलेले असतात, कागद हरवलेले असतात आणि खरेखोटे ठरवणे अवघड होते. सावकाराने खत, म्हणजे कर्जाचा लेखी दस्त, पेटीत ठेवून वर्षानुवर्षे व्याज वाढवत बसू नये, हाही त्यांचा विचार होता. तीन वर्षांत एकतर वसूल करा, नाहीतर हक्क सोडा. कागदावर हे फार न्याय्य दिसते.

नवे खत, जुने कर्ज

प्रत्यक्षात काय झाले? तीन वर्षे संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावू लागला. पैसे भर, नाहीतर कोर्टात जातो. पैसे नसले तर नवे खत लिहून दे. शेतकऱ्याजवळ पैसे नसत. मग नवे खत होई. जुने मुद्दल आणि त्यावर चढलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून बसे. शेतकऱ्याला नवा पैसा एक मिळत नसे. तरी कागदावर त्याने एवढी रक्कम 'रोख घेतली' असे लिहिले जाई, आणि खाली त्याची निशाणी पडे. लिहिता न येणारा कुणबी नावापुढे नांगराची आकृती काढून देई. तीच त्याची सही.

आकड्यांत मांडू या. समजा 1862 साली एका शेतकऱ्याने दरमहा दरशेकडा 2 रुपये व्याजाने 100 रुपये घेतले. तीन वर्षांचे व्याज 72 रुपये. 1865 च्या नव्या खतात मुद्दल 172 झाले. 1868 मध्ये ते सुमारे 296 झाले, 1871 मध्ये सुमारे 509 आणि 1874 मध्ये सुमारे 875. खत न बदलता सरळ व्याजाने तेच कर्ज 12 वर्षे राहिले असते, तर एकूण देणे 388 रुपये झाले असते. दामदुप्पट पाळले असते तर 200 वर थांबले असते. पण व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसले की दामदुप्पटीचा नियमही लटका पडतो, कारण तो मोजायचा ते मुद्दलच फुगलेले असते. व्याजाच्या दरावरची कायदेशीर मर्यादा तर 1855 च्या कायद्याने आधीच उठली होती.

100 चे 875 होण्यात सावकाराचा लोभ होताच. पण त्या लोभाला दर तीन वर्षांनी कोर्टाच्या दाराशी आणून उभे केले ते मुदतीने. एखादा सज्जन सावकार थांबायला तयार असला, तरी कायदा त्याला थांबू देत नव्हता. थांबला तर त्याचा दावा बुडत होता. मुदत तोकडी केल्याने वसुलीची घाई वाढली, आणि घाईचा भार नेहमीप्रमाणे दुबळ्यावर पडला.

याच वर्षांत आणखी दोन गोष्टी घडल्या. 1860 मध्ये आगगाडी सोलापूरला पोहोचली. त्यानंतर लगेच अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले, शेतकरी घेऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पण खते जागच्या जागी राहिली. वर तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांत फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. म्हणजे सरकारी मुदत संपली तरी भार शेतकऱ्यावर, आणि सावकारी मुदत संपली तरी भार शेतकऱ्यावरच.

कोर्टात काय होत असे

दावा लागला की समन्स निघे. कोर्ट दूर, जाण्यायेण्यात दिवस मोडणार, वकिलाला पैसे नाहीत, आणि खतावर निशाणी तर आपलीच आहे. मग जाऊन सांगायचे काय? शेतकरी घरीच राही आणि एकतर्फी हुकूमनामा होई. पुढे दरखास्त, जप्ती, लिलाव. देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूदही कायद्यात होती, आणि नव्या खतावर निशाणी मिळवायला तिची नुसती धमकी पुरे होई.

शेतकरी हजर राहिला तरी फरक थोडाच पडे. न्यायाधीशापुढे प्रश्न एवढाच असे की निशाणी तुझी आहे की नाही. हो म्हटले की संपले. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने लेखी करारातल्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा देण्याची वाट आणखी अरुंद केली. खताच्या मागे काय घडले, आधीची खते किती होती, त्यांतले व्याज किती, दिलेले धान्य कुठे जमा झाले, हे विचारायला न्यायाधीशाला कायद्याने फारशी जागाच ठेवली नव्हती.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्याला वह्या आणि खते हवी होती. खते हाती लागली की ती जाळली जात. आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरली. पोलीस आणि फौज आली, शेकडो लोक पकडले गेले. जमावाचे लक्ष्य इतके नेमके का होते, हे वरचे आकडे पाहिले की कळते. त्या काळच्या कोर्टात खतापुढे दुसरा पुरावा टिकत नव्हता. म्हणून लोकांनी खतच नाहीसे करायचे ठरवले.

सरकारने दख्खनच्या दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्याच्या अहवालात सारावाढीवर सरकारच्या अंगाशी येईल असे फार काही नाही, आणि त्याबद्दल इतिहासकारांनी त्याला बोल लावला आहे. पण मुदतीच्या कायद्याबद्दल आयोगाने स्पष्ट लिहिले. तीन वर्षांच्या मुदतीने खते फिरवण्याची रीत वाढली आणि सरळ कर्ज चक्रवाढ झाले. आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज लावलेले आढळले.

दुष्काळाने मुदत थांबत नाही

आयोगाचा अहवाल तयार होत होता तेव्हा 1876 चा पाऊस गेला. 1876 ते 1878 च्या महादुष्काळात मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना सर्वांत जबर फटका बसला, त्यांत सोलापूर होते. माणसे गुरे घेऊन निजामाच्या मुलखाकडे गेली, हजारो लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला लागले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागातली माहिती गोळा करून सरकारकडे धाडली.

या काळात खतांच्या मुदतीचे काय झाले? काहीच नाही. ती चालूच राहिली. मुदतीच्या कायद्याचे एक जुने सूत्र आहे, आणि आजच्या कायद्याच्या नवव्या कलमातही ते तसेच आहे. एकदा मुदत धावू लागली की नंतर आलेल्या कोणत्याही अडचणीने ती थांबत नाही. कोर्टाला सुटी असेल तर कोर्ट उघडल्यावर दावा लावता येतो, एवढी सवलत आहे. 'पुरेसे कारण' दाखवले तर उशीर माफ करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. पण तो अपिलाला आणि अर्जाला लागू होतो. मूळ दाव्याला तो तेव्हाही नव्हता, आजही नाही. म्हणजे कोर्टाचे दार बंद झाले तर कायदा थांबतो, पण माणसाच्या घरातली चूल बंद झाली तर थांबत नाही. खत बुडू नये म्हणून सावकाराने दुष्काळातही दाव्याची तयारी ठेवावी आणि खडी फोडणाऱ्या शेतकऱ्याने नव्या खतावर नांगर काढून द्यावा, असाच या नियमाचा रेटा होता.

1879: मुदत वाढली, आणि खताच्या मागे पाहण्याचा अधिकार आला

जुलै 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. दुष्काळाने होरपळलेल्या लोकांची दशा पाहून त्यांनी बंड उभारले होते. त्याच महिन्यात सिमल्याला थिओडोर होप यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारे विधेयक मांडले. वर्ष संपण्याआधी तो 1879 चा सतरावा कायदा झाला. त्याचा बहुतेक भाग लागू होता फक्त चार जिल्ह्यांना: पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर.

या कायद्याच्या 72 व्या कलमाने शेतकऱ्याविरुद्धच्या पैशाच्या दाव्याची मुदत वाढवली. नोंदलेल्या दस्तावर 12 वर्षे, बाकी बाबतीत 6 वर्षे. आकडे जवळपास तेच, जे 1827 साली होते. सतराहून अधिक वर्षे तोकडी मुदत चालवून, दंगे आणि दुष्काळ पाहून, सरकार पुन्हा एल्फिन्स्टनच्या आकड्यांवर आले.

वरवर पाहता ही सावकाराला दिलेली सवलत वाटते. दावा लावायला त्याला दुप्पट वेळ मिळाला. पण कायदा करणाऱ्यांना आता कळले होते की सावकाराला थांबता आले तरच शेतकऱ्याला श्वास घेता येईल. मात्र नुसती मुदत वाढवून भागणार नव्हते. म्हणून तिच्या जोडीला कायद्याने न्यायाधीशाच्या हाती तीन साधने दिली.

पहिले साधन खताच्या मागे जाण्याचे. बाराव्या आणि तेराव्या कलमांनी न्यायालयाने व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उघडायचा होता. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. मधली खते किती झाली, कोणता हिशेब 'मान्य' म्हणून लिहिला गेला, याने न्यायालय बांधलेले नव्हते. शेतकऱ्याने रक्कम कबूल केली, तरी ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क समजून दिली आहे अशी खात्री झाल्याशिवाय न्यायाधीशाने थांबायचे नव्हते. सातव्या कलमाने प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासणे आवश्यक केले. तपासायचे नसेल तर कारण लिहून ठेवायचे. एकतर्फी हुकूमनाम्यांच्या रांगेला हा मोठा बांध होता.

दुसरे साधन हप्त्यांचे. विसाव्या कलमाने न्यायालयाला हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची परवानगी केव्हाही देता येत होती. हुकूमनामा कायद्याआधीचा असो वा नंतरचा. पिकाचे वर्ष, कोरडे वर्ष पाहून फेडीचा काळ ठरवण्याची ताकद न्यायाधीशाकडे आली. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक होणार नव्हती आणि खास गहाण न लिहिलेली त्याची जमीन लिलावात काढता येत नव्हती.

तिसरे साधन कागद आधीच स्वच्छ ठेवण्याचे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला गेला पाहिजे, पैसे भरल्याची पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळाले पाहिजे. शेतकऱ्याला स्वतःहून कोर्टात जाऊन 'माझ्याकडे देणे किती, ते ठरवून द्या' असा दावाही लावता येऊ लागला. मुदत संपण्याची वाट पाहत सावकाराच्या दारात बसण्याची त्याची सक्ती सुटली.

रानड्यांची फिरती

या कायद्याखालच्या बऱ्याच निकालांना नेहमीचे अपील नव्हते. त्याऐवजी स्पेशल जज्ज आणि त्याचे सहायक चारही जिल्ह्यांतल्या कोर्टांत जाऊन दप्तर तपासत आणि चूक दिसली तर दुरुस्त करत. या कामावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. आधी सहायक आणि मग स्पेशल जज्ज म्हणून 1880 च्या दशकाचा मोठा भाग त्यांनी यात घालवला. 1893 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा हे काम सुटले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीच्या दिवसांचे वर्णन आहे.

रानड्यांची अर्थशास्त्रावरची व्याख्याने आपण वाचतो. पण शेतीच्या कर्जाबद्दलचे त्यांचे विचार पुस्तकांतून आले तसे या कोर्टांतल्या दप्तरांतूनही आले, हे विसरता कामा नये. अपील करायला शेतकऱ्याने पुण्याला वा मुंबईला यावे, याऐवजी न्यायाधीशाने तालुक्याला जावे. ही या कायद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट मला वाटते. माणूस मुदत चुकवतो तेव्हा दहात नऊ वेळा कारण अंतराचे, पैशाचे आणि अज्ञानाचे असते. आळसाचे नसते.

कायदा निर्दोष नव्हता. जमीन गहाण घेण्यात अडचण येऊ लागली तसे सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. तोंडी बोलणे असे की पैसे दिलेस की जमीन परत. कागदावर मात्र कायमची विक्री. खतांचे नवे-जुने थांबले आणि नवी पळवाट निघाली. 1891-92 मध्ये कायद्याच्या परिणामांची चौकशी झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 10-अ हे कलम घालून खरेदीखत हे मुळात गहाण आहे का, हे तोंडी पुराव्याने तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला गेला. 1883 साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याला कचेऱ्या आणि कोर्टे कशी नाडतात, याचा त्यात मांडलेला जमाखर्च वाचला की एका कायद्याने सारे बदलले नव्हते, हे उघड होते. शेवटी 1947 च्या मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायद्याने या जुन्या कायद्याची जागा घेतली.

आजची मुदत

आजचा मुदतीचा कायदा 1963 चा आहे. उसन्या पैशाच्या दाव्याला तो पुन्हा 3 वर्षेच देतो. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. उशीर झाला तर पाचव्या कलमाखाली विलंब माफीचा अर्ज. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कातिजी प्रकरणात सांगितले की 'पुरेसे कारण' उदारपणे पाहावे, कारण उशीर करून पक्षकाराला सहसा काही मिळत नाही, उलट त्याचेच नुकसान होते. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने टपाल खात्याचा 427 दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला. फाईल टेबलावरून टेबलावर फिरत होती, हे सरकारी खात्याला पुरेसे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. ज्याच्याकडे वकील, कारकून आणि पैसा आहे त्याची सबब आणि ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याची अडचण एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा देशाने एक नवी गोष्ट पाहिली. 23 मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन 15 मार्च 2020 पासूनच्या साऱ्या मुदती वाढवल्या. 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 28 फेब्रुवारी 2022 पर्यंतचा काळ मुदतीतून वगळला गेला आणि या काळात ज्यांची मुदत संपत होती त्यांना 1 मार्च 2022 पासून किमान 90 दिवस मिळाले. मूळ दाव्यांनाही हे लागू होते. सोलापूरच्या 1876 च्या शेतकऱ्याला जे कुणी दिले नाही, ते 144 वर्षांनी सगळ्यांना मिळाले. संकटात मुदत थांबवता येते, आकाश कोसळत नाही, हे यातून सिद्ध झाले. मग एखाद्या तालुक्यात सलग दोन वर्षे पीक गेले तर तिथल्या माणसाचा विलंब माफ करताना न्यायालयांनी हात आखडता घेऊ नये.

अंतराचा प्रश्नही थोडा सुटतो आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आले. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी 15 वर्षांच्या आतले व्यवहार उघडता येतात. खरेदीखत असले तरी. जिल्हा उपनिबंधकाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. 1879 चा विचारच इथे पुन्हा कायद्यात आला आहे: वेळ द्या, आणि कागदाच्या मागे पाहा.

या साऱ्या इतिहासातून एकच निष्कर्ष निघतो. मुदत तोकडी की लांब, एवढ्याने न्याय ठरत नाही. मुदत तोकडी करून न्यायाधीशाचे डोळे बांधले, तेव्हा 100 चे 875 झाले. मुदत वाढवली, हप्ते दिले आणि खताच्या मुळापर्यंत जायला सांगितले, तेव्हा शेतकऱ्याला निदान उभे राहायला जागा मिळाली. विलंब माफीच्या अर्जावर हुकूम लिहिणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने उशिराचे दिवस मोजण्याआधी उशीर करणारा कोण आहे, हे पाहावे.

आणि वाचकांनो, आपणही काही गोष्टी पाळू या. निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. नक्कल मिळण्यात जाणारे दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. उशीर झालाच असेल तर दवाखान्याचे कागद, दुष्काळाचा दाखला, प्रवासाची तिकिटे जपून ठेवा आणि कारण तारखेनिशी लिहा. मार्चअखेरीला कर्जाचे नवे-जुने करताना व्याज मुद्दलात मिसळले जाते आहे का, हे विचारल्याशिवाय सही करू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पात्र माणसाला तिथे वकील मोफत मिळतो. मुदत टळण्याआधी गेलात तर मदत करणे सोपे जाते.